बारा जणींच्या पलीकडचा वर्ग

ऑगस्ट लागला की शाळेत शालेय क्रीडा स्पर्धांचं पत्र येतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, मुलं-मुली वेगळे. आधी तालुका, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, पुढे राज्य. पत्र आलं की मुख्याध्यापक क्रीडाशिक्षकाला बोलावून विचारतात, "यंदा कोणती टीम पाठवायची?" पुढचा आठवडाभर शाळेत नुसती धावपळ. जन्माचे दाखले, आधार कार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन नोंदणी. खो-खोसाठी बारा मुली निवडायच्या. ज्या चपळ आहेत आणि ज्यांच्या घरचे नाही म्हणणार नाहीत अशा. संघ तालुक्याला जातो, बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून परत येतो आणि खो-खोचे खांब पुढच्या ऑगस्टपर्यंत अडगळीच्या खोलीत पडून राहतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये शारीरिक शिक्षण शिकवत आयुष्य काढलं. आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांनंतर ठामपणे सांगते, याला मी शाळेचा क्रीडा कार्यक्रम म्हणणार नाही. बारा जणी गेल्या. वर्गातल्या उरलेल्या मुलींचं काय? त्या दिवशी त्या बाकावर बसून होत्या, आदल्या दिवशीही बसून होत्या आणि शाळा सुटेपर्यंत बसूनच राहतील. ज्या शाळेतलं प्रत्येक मूल आठवड्यातून निदान चार दिवस घामाघूम होऊन वर्गात परत येतं, त्या शाळेत खेळ आहे असं मी मानते. मग तिच्या कपाटात एकही चषक नसला तरी चालेल.

कायदा माझ्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. प्रत्येक वर्गाला लागेल तसं खेळाचं साहित्य द्यावं, असंही आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, हेही त्यातच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंतच नको, असं म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. कागदावर सगळं आहे. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र आठवड्याला पी.टी.चे मोजके तास असतात. आणि तेही दिवाळीनंतर "गणिताचा पोर्शन राहिला, मॅडम, तुमचा तास देता का" म्हणत एकेक करून जातात. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, कारण आपला विषय श्रेणीचा. दहावीच्या टक्केवारीत तो कुठेच दिसत नाही.

शाळा सुटल्यावर खेळवा, असं मला अनेक अधिकाऱ्यांनी सुचवलं. पुण्या-मुंबईत ते चालत असेल. आमच्याकडे खेड्यातल्या मुली मानव विकास मिशनच्या निळ्या बसने येतात. ही बस आली म्हणून कितीतरी पोरींची शाळा आठवीच्या पुढे गेली; तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तिची वेळ शाळेच्या घंटेला बांधलेली असते. घंटा झाली की बस उभी, आणि ती गेली की मुलीला घरी जायला काही नाही. सरावासाठी तासभर थांब म्हणावं, तर अंधारात फाट्यावरून पायी जायचं कोणी? मागे कुणी राहिलंच तर शाळेच्या गावातली मुलं राहतात, त्यातही मुलगे. म्हणजे शाळेनंतरचा खेळ हा आपोआप गावातल्या मुलग्यांचा खेळ होतो. म्हणून माझं पहिलं मागणं, खेळ शाळेच्या वेळेतच हवा. पहिल्या आणि शेवटच्या घंटेच्या मध्ये, रोज, सर्व वर्गांना.

आता मैदानाबद्दल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, जून संपता संपता. जुलैत पाऊस. आपली जमीन काळी, कापसाची. एक सर पडली की मैदानात पाय टाकवत नाही. चपलेला चिखलाचा गोळा चिकटून पाय जड होतो, आणि धावायला गेलं की पोरगी सरळ पाठीवर. तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे सरावाचे दिवस चिखलात गेलेल्या मुलींना आपण थेट स्पर्धेत उतरवतो. पाऊस संपला की तीच काळी माती फाटते. डिसेंबरात एवढाल्या भेगा पडतात की त्यात मुलीचं पाऊल जाईल. घोटा मुरगळलेल्या किती मुलींना मी माझ्या ओढणीने पट्टी बांधून दवाखान्यात नेलं असेल, त्याचा हिशेब नाही.

याला उपाय फार मोठा नाही. काळ्या मातीवर मुरूम टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, कडेने चर खणून पाण्याला वाट द्यायची. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. कबड्डीचं मुलींचं मैदान त्याहून बरंच लहान. एवढी जागा मुरमाची झाली तरी आलटून पालटून सगळे वर्ग खेळू शकतात. एका शाळेत सरपंचांनी मनावर घेतलं आणि गावातल्या लोकांनी ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकला. गावच्या सुताराने सागाचे दोन खांब घडवून दिले. फक्की मारून रेघा आखल्या आणि आमचं मैदान झालं. त्या वर्षी आम्ही पावसाची उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी खेळत होतो.

त्याच मैदानावरची एक मुलगी मला आजही दिसते. नववीतली. पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणून लिंबाखाली बसायची. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी तिला खेळणाऱ्यांत घेतलं नाही, आधी नुसतं चौकात बसवलं. खो-खोत आठ जणी रांगेत आळीपाळीने तोंडं फिरवून बसतात, नववी पाठलाग करते. पाठलाग करणारीने बसलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं आणि तिने उठून पळायचं. हिच्यावर वेळ आली की हात लागायचा, पण आवाज यायचा नाही, आणि पंचाची शिट्टी वाजायची. बाकीच्या चिडायच्या. मी चिडणाऱ्यांना गप्प केलं आणि रोज दहा मिनिटं नुसता 'खो' देण्याचा सराव घेतला, सगळ्यांकडून. पावसाळा संपेपर्यंत तिचा 'खो' शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायला लागला. ती संघात कधी आली नाही. तिच्यात तेवढा वेगही नव्हता. पण त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन तिने केलं. स्पर्धेच्या कोणत्याही नोंदवहीत तिचं नाव सापडणार नाही, आणि मी मात्र तिला माझ्या नोकरीतलं यश समजते.

पोट दुखतं हे नेहमीच निमित्त नसतं. पाळीच्या दिवसांत बदलायला जागा नाही, संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, तर मुलगी लिंबाखालीच बसणार. मुलींच्या खेळाची सुरुवात स्वच्छतागृहापासून होते. क्रीडा साहित्याच्या यादीत मी कायम पाण्याची टाकी आणि दाराची कडी घालत आले.

कापसाचं वेगळंच. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि जिल्हा-विभागाच्या स्पर्धाही त्याच दिवसांत. बोंडं फुटली की घरातल्या पोरी शेतात. एकदा मी एका खेळाडूच्या घरी गेले. तिची आई अंगणात कापसाची गाठोडी बांधत होती. मी म्हटलं, "ताई, दोन दिवस पाठवा, मी स्वतः घेऊन जाते आणि घरी आणून सोडते." ती म्हणाली, "बाई, पोरगी खेळली तं मले आनंदच हाये. पन येचाले मानूस भेटत नाही, आन भेटलं तं मजुरी देनं होत नाही." या उत्तरावर मी काय बोलणार? ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर घरातल्या चुलीचं ठरतं, तिथे स्पर्धांचं वेळापत्रक करताना शेताचं वेळापत्रक बघायला नको का? तालुका-जिल्हा स्पर्धा दिवाळीपूर्वी आटोपणं किंवा वेचणी ओसरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत घेणं अशक्य नाही. राज्याच्या आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखांशी जुळवावं लागेल हे मला माहीत आहे. पण तो विचार निदान कुणीतरी सुरू करावा.

हुशार मूल कसंही चमकतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देते. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. तो तेरा वर्षांचा असताना त्याच्या प्रशिक्षकांच्या लक्षात आलं की हा मुलगा चेंडू फेकतो मात्र डाव्या हाताने. त्यांनी त्याला डाव्या हातानेही गोलंदाजी करायला लावली. पुढे तो दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा विदर्भाचा गोलंदाज झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. यवतमाळच्याच आकाश चिकटेने २०१६ च्या हॉकीच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताचं गोल सांभाळलं आणि आपण तो सामना ३-२ ने जिंकलो. ही मुलं गुणी होतीच. पण अक्षयच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट ही की एक जाणता माणूस त्याला दिवसेंदिवस बघत होता. फेकणारा हात वेगळा आणि गोलंदाजीचा वेगळा, हे आठवड्याभराच्या निवडीत कुणाला दिसणार? त्यासाठी मैदानावर रोज उभा राहणारा शिक्षक लागतो.

आणि तो शिक्षकच आता शाळांतून नाहीसा होत चालला आहे. संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकपदांच्या सरकारी मंजुरीत, पदं पटावर ठरतात. पट घसरला की पहिली कुऱ्हाड कला आणि क्रीडा शिक्षकाच्या पदावर. क्रीडाशिक्षक निवृत्त झाला की इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते. ते बिचारे आपल्या परीने करतात, पण सूर मारून खांब कसा धरावा, पडताना खांदा कसा सोडावा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, आणि चुकीचं शिकवलं तर मुलाचं हाड मोडतं. आमच्या शेजारी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. माझं शिक्षण तिथेच झालं. विदर्भातल्या गावोगावच्या मुला-मुलींनी तिथून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे. त्यातली कितीतरी आज तासिका तत्त्वावर काम शोधत फिरतात, नाहीतर जिममध्ये उभी असतात. शिकलेले शिक्षक आहेत, शिकायला मुलं आहेत, मध्ये पद नाही. एका शाळेला पूर्ण पद परवडत नसेल तर जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्या. पण तो पूर्णवेळ असू द्या आणि त्याला मतदार यादी, पोषण आहाराचा हिशेब आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म यांतून सोडवा.

सगळा भार शिक्षकावर टाकायचा नाही, हेही सांगते. जपानमध्ये शाळा सुटल्यावरचे क्रीडा आणि कला मंडळांचे तास हा शालेय जीवनाचा मोठा भाग आहे. पण त्यापायी शिक्षक रात्रीपर्यंत आणि सुटीच्या दिवशीही राबू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने २०२३ पासून हे काम हळूहळू शाळेबाहेरच्या स्थानिक मंडळांकडे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे गावोगाव कबड्डीची मंडळं आहेत, माजी खेळाडू आहेत, भजनी मंडळं आहेत. त्यांना शाळेत बोलवा, मानधन द्या.

भजनी मंडळ म्हटलं म्हणून गॅदरिंगचं सांगते. पूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं नाटिका बसवायची, संवाद स्वतः लिहायची, आमच्या भागातली दंडार यायची, कोलाम मुलं ढेमसा नाचायची. आता मोबाइलवर गाणं लावायचं, भाड्याचे ड्रेस आणायचे आणि शहरातून नाच शिकवणारा बोलवायचा. ज्यांच्याकडे ड्रेसचे पैसे नाहीत ती मुलं प्रेक्षकांत. इथेही तीच बारा जणींची निवड. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याचं उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर एकटीने संसार सांभाळणाऱ्या, 'तेरवं' नाटकात काम केलेल्या. त्यांचं ते भाषण अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. आपल्या माणसांकडे सांगण्यासारखं किती आहे, हे त्या दिवशी कळलं. ते सांगायची सवय शाळेच्या रंगमंचावर लागते, आणि तो रंगमंच आपण ध्वनिक्षेपकाच्या गाण्यांना देऊन टाकला आहे. चित्रकलेचे शिक्षक गेले की एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलंही कमी होतात. चित्रकलेच्या या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण मग खासगी क्लास लावणाऱ्यांनाच मिळतात.

जागेचा प्रश्न शहराच्या कडेला जास्त टोचतो. लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा, भोसा ही यवतमाळला चिकटलेली गावं वाढत वाढत शहर झाली. जिथे वावरं होती तिथे ले-आउट पडले. प्रत्येक ले-आउटला ओपन स्पेस ठेवतात, पण त्यावर कुठे सभामंडप, कुठे पाण्याची टाकी, कुठे उभ्या गाड्या. मुलांना उरतं शाळेचं मैदान, आणि त्यावरही लग्नाचे मांडव, प्रचारसभा, प्रदर्शनं. मांडवाच्या खुंट्यांची भोकं आणि काचा वेचण्यात माझे कितीतरी सोमवार गेले आहेत. शाळेच्या मैदानावर शाळेच्या दिवसांत दुसरं काही होणार नाही, असा ठराव प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगर परिषदेने करावा.

पहाटे नागपूर-तुळजापूर महामार्गाने गेलं की कडेने धावणारी पोरं-पोरी दिसतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी ५० गुणांची. बाजूने ट्रक सुसाट जातात. शाळेत असताना ज्यांना कुणी धावायला शिकवलं नाही, ती विसाव्या वर्षी डांबरावर गुडघे झिजवत शिकतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण त्या पाच टक्क्यांच्या दारापर्यंत पोचायचा रस्ता शाळेच्या मैदानातून जातो, आणि ते मैदान बंद आहे.

पैसे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. समग्र शिक्षा योजनेत माध्यमिक शाळेसाठी वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद आहे. क्रीडा विभागाची क्रीडांगण विकासाची अनुदान योजना आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. माझ्या एका शाळेत चेंडू, दोऱ्या आणि जाळी मार्चअखेरीला आली, दहावीची परीक्षा चालू असताना. त्यात हॉकीच्या दोन स्टिक होत्या, चेंडू एकही नव्हता. काय हवं हे शिक्षकाला विचारा आणि जूनमध्ये द्या, एवढंच.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या पालक सभेला जा. मुलाच्या गुणपत्रिकेबरोबर वर्गाचं वेळापत्रकही मागा. खेळाचे तास किती, ते खरंच होतात का आणि कोण घेतं, हे सर्वांसमोर विचारा. मुलीचे पालक असाल तर स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आहे का ते स्वतः जाऊन पाहा. तास दुसऱ्या विषयाला दिला असेल तर लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.